शर्ट बोलू लागला तर?



कपड्यांचा पाठ घेताना आपण नेहमी काय सांगतो? कपडे ऊन, वारा, थंडी यांपासून आपलं रक्षण करतात. यंदा तिसरीच्या वर्गात मी एक वाक्य वाढवलं, "काही कपडे आपल्या तब्येतीची खबरही देऊ शकतात." वर्गात हशा पिकला. "बाई, शर्ट बोलणार?"

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत जोसेफ वांग यांच्या गटाने २०१० मध्ये चक्क अंतर्वस्त्राच्या कमरेच्या इलॅस्टिकवर सेन्सर छापले. इलॅस्टिकच का? कारण ते कातडीला घट्ट चिकटून असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी पाणबुडे घालतात त्या रबरी पोशाखाच्या कापडावर सेन्सर छापले. ते समुद्राच्या पाण्यातले फिनॉल, तांबे असे दूषित पदार्थ ओळखतात.

छपाईची पद्धत आपल्या ओळखीची आहे. गॅदरिंगच्या टीशर्टवर शाळेचं नाव छापतात तेच स्क्रीन प्रिंटिंग! फक्त शाई वेगळी, कार्बनची, वीज वाहून नेणारी. त्यावर गरजेप्रमाणे एन्झाइम लावतात. घामातल्या ठरावीक पदार्थाशी त्याची क्रिया झाली की अगदी बारीक विद्युतप्रवाह मिळतो. पदार्थ जास्त, तर प्रवाह जास्त. अडचणीही आहेत. कापड ताणलं की शाईला तडे जाऊ शकतात, आणि धुण्याचा प्रश्न असतोच.

मुलांना हे पटवायला सोपा प्रयोग आहे. कागदावर ६बी पेन्सिलने जाड, गडद, आखूड रेघ ओढा. ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी त्या रेघेतून जोडा. दिवा मंद लागतो. पेन्सिलमधलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच! आमच्या वर्गात टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, शर्टनं सांगितलं मी काही खाल्लं नाही, तर सगळ्यांना कळणार?"

मी तिला खरं तेच सांगितलं. पोट रिकामं आहे हे ओळखणारा शर्ट मला माहीत नाही. पण उत्तर देताना माझ्या पोटात गोळा आला. ही मुलगी सकाळी उपाशी येत होती. परिपाठात दोनदा तिला चक्कर आली, तेव्हा "उन्हात उभं राहून होतं असं" म्हणत मी तिला पाणी देऊन बसवलं होतं. दोन्ही वेळा "काही नाही बाई" हे तिचं उत्तर मी खरं मानलं होतं.

तिला भीती कळण्याची नव्हती, *सगळ्यांना* कळण्याची होती. उद्या असे कपडे मुलांच्या अंगावर आले, तर आपणही आधी हेच विचारायला हवं. माहिती कोणाला दिसणार? ती कोण ठरवणार? मुलाला विचारणार का?

आता रोज हजेरी घेताना मी प्रत्येकाजवळ जाते आणि हळूच विचारते, "आज काय खाल्लंस?" उत्तर फक्त माझ्या कानात. माझ्या पिशवीत चिक्की असते. तिच्या आईशीही बोलले, पण एकटीशी.

हा पाठ तुम्ही वर्गात घ्याल तेव्हा प्रयोग जरूर करा. पण टाळ्यांनंतर दोन मिनिटं थांबा. मागच्या बाकावरून काहीतरी ऐकू येईल.