वर्दी आणि पोच

अकोल्याच्या एका कचेरीतील जुना सर्व्हर सध्या अमरावतीस माझ्या मेजावर आहे. वैशाखात वऱ्हाडची दुपार निर्मनुष्य होते, आणि अशा वेळी कर्नेलच्या नोंदी निवांतपणे चाळता येतात. डिस्क अकस्मात मूक होते, ही तक्रार. परंतु डिस्क निर्दोष निघाली. तिच्या कंट्रोलरची आणि नेटवर्क कार्डाची इंटरप्ट-रेषा एकच, म्हणजे दोन खोल्यांना मिळून एकच घंटा: वर्दी आली की प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या यंत्राचे स्टेटस रजिस्टर पाहावे, वर्दी आपली असल्यास पोच देऊन ती शमवावी, नसल्यास तसे कळवावे, हा शिरस्ता. कार्डाची वर्दी कोणीच शमवली नाही. आणि लिनक्सचा कायदा असा, की एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस ठरले, तर ती रेषाच बंद करावी. त्या हुकुमाखाली निरपराध डिस्कची वर्दीही अडली, आणि टाइमआउटचा ठपका मात्र तिच्यावर आला.

१९९८ च्या पीसीआय २.२ मानकातील एमएसआय पद्धतीत सामायिक तारेऐवजी स्मृतीत लिहिलेला संदेश हीच वर्दी होते, आणि ती ज्याची त्याला स्वतंत्र असते. कंट्रोलरला ती पद्धत लावताच कुरबुर थांबली. तेव्हा नवी डिस्क खरेदी करण्यापूर्वी वाचकाने इंटरप्टांची यादी उघडावी आणि त्याच रेषेवर आणखी कोण बसले आहे, हे आधी पाहावे.