अकोट्याची एक सकाळ

रोमन संस्कृतीचे अवशेष पाहावयास आम्ही गोरव्याहून रिक्षाने गेलो, असे लिहिले तर वाचक आमच्या वयाकडे बोट दाखवतील. पण झाले ते असेच. जाऊन येऊन, वाटेतल्या चहासकट, अडीच तास लागले.

निमित्त आमच्या भाच्याचे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला जो पूर आला, त्यात आमच्या थोरल्या बहिणीच्या घरात पाणी शिरले. घर जुने, दांडिया बाजाराच्या बाजूचे, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीतले. ताईने त्या घरात पंचेचाळीस वर्षे काढली. पाणी ओसरल्यावर तिने भिंतीवरची चिखलाची रेघ पाहिली आणि आठ दिवस कुणाशी बोलली नाही. शेवटी घर विकून आमच्याजवळ गोरव्यास दोन खोल्यांत येण्याचे ठरले. म्हणजे आम्ही ठरवले आणि तिने विरोध करण्याचे थांबवले. आवराआवर करावयास भाचा परदेशातून आला. येताना वाटेत रोमला तीन दिवस उतरला होता.

तेथे त्याने पैसे भरून फोरमची दोन तासांची सफर केली. मार्गदर्शिका पुढे, मंडळी मागे, प्रत्येकाच्या कानात यंत्र. टायटसची कमान, शनिमंदिराचे उभे राहिलेले आठ खांब, सिनेटचे सभागृह, सारे त्याने भ्रमणध्वनीवर दाखवले. शनिमंदिरात रोमचा सरकारी खजिना असे, हेही त्याच्या लक्षात होते. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार आवडली. हा फोरम कित्येक शतके मातीखाली गाडला गेला होता आणि लोक त्या जागेला ‘गाईंचे कुरण’ म्हणत. जगावर राज्य करणाऱ्यांच्या चौकात गाई चरत होत्या!

“आपल्या बडोद्यात असं काही नाही,” भाचा म्हणाला. “राजवाडे आहेत, पण ते कालचे.”

बडोद्याविषयी कुणी असे बोलले की आमच्यातला शिक्षक जागा होतो. गोरव्यातच आमचे एक वयोवृद्ध गुजराती स्नेही राहतात. तरुणपणी उत्खननांवर त्यांनी मापे घेण्याचे आणि खापरे रेखाटण्याचे काम केले आहे. त्यांचे मराठी बडोद्याचे, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी दैवाधीन. आम्ही त्यांना वाटाडे होण्याची विनंती केली. ते म्हणाले, “येईन. पण दाखवायला काही नाही, ते आधीच सांगून ठेवा.”

रविवारी सकाळी सातला निघालो. गोरव्याच्या कारखान्यांचा भोंगा त्या दिवशी नव्हता. अलेंबिक रस्त्याने गेंडा सर्कल, तेथून रेसकोर्सच्या अंगाने अकोट्यास. बडोदेकरांना अकोटा म्हटले की स्टेडियम आठवते, सयाजीनगरगृहातली नाटके आठवतात आणि अलीकडे नदीवरच्या पुलाला घातलेले सौरफलकांचे छत आठवते. वाटाड्यांनी रिक्षा एका सोसायटीच्या फाटकाशी थांबवली. समोर तीन मजली घरे, दुचाक्या, दोरीवर कपडे आणि एक गाय.

“हेच,” ते म्हणाले.

भाचा गाईकडे पाहून हसला. आमचाही जीव थोडा खालीवर झाला.

वाटाड्यांनी चपलेच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली. येथे नदीच्या पश्चिम काठाने पांढरीची टेकाडे होती. जुनी वस्ती कोसळून, तिच्यावर पुन्हा वस्ती होऊन जी राखी-भुरी माती साचते तिला आपण पांढर म्हणतो. शेतकरी ती खत म्हणून गाड्या भरभरून नेतो, घर बांधणारा पायासाठी खणतो, आणि शहर वाढले की उरलेली सोसायटीखाली जाते. अकोट्याचे असेच झाले. पण तत्पूर्वी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बेंडापुडी सुब्बाराव यांनी येथे उत्खनन केले आणि १९५३ साली बडोद्याच्या प्राचीनत्वावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गावाचे जुने नाव अंकोट्टक. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक हे खेडे दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि ते अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक म्हणून. वडपद्रक म्हणजे आपले बडोदे. आज ज्या अकोट्याला आपण बडोद्याचे उपनगर म्हणतो, त्याच्या पदरातले बडोदे हे एक खेडे होते!

“मग गाव इकडून तिकडे का गेलं?” भाच्याने विचारले.

“पूर,” वाटाडे म्हणाले. विश्वामित्रीच्या पुरांना कंटाळून वस्ती पूर्वेकडच्या उंचवट्यावर सरकली असे अभ्यासक मानतात. भाचा गप्प झाला. पलीकडच्या त्याच पूर्वतीरावरून त्याची आई पुरापायी पश्चिमेकडे यावयास निघाली होती.

आता रोमचे. वाटाड्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले एक जुने छायाचित्र काढले. अकोट्यास सापडलेली ती वस्तू म्हणजे काशाच्या एका भांड्याची मूठ. भांडे नाही, नुसती मूठ. तिच्यावर इरॉसची आकृती आहे. ग्रीकांचा इरॉस, तोच रोमनांचा क्यूपिड, म्हणजे त्यांचा मदन. घडण भूमध्य समुद्राकडची. रोमन साम्राज्यातल्या कुणा कारागिराने ती ओतली आणि अकोट्यातल्या कुणा गृहस्थाने ती हातात धरली. भांड्याचे पुढे काय झाले? वाटाडे म्हणाले, “काय होणार? पत्रा पातळ. फुटलं असेल, नाहीतर मोडीत गेलं असेल. मूठ जाड असते, ती राहते.”

याच अकोट्यास रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाल्याची नोंद आहे. या कुंभाला दोन कान, मान निमुळती, तळ टोकदार. जहाजाच्या पोटात ते दाटीवाटीने उभे रचीत. मद्य, ऑलिव्हचे तेल, मुरवलेल्या माशांचे पाणी असा माल त्यांतून जाई. येथे वाटाड्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती आम्हाला त्या मुठीइतकीच मोलाची वाटली. भारतात ठिकठिकाणी सापडलेली अशी कितीतरी खापरे आपण अभिमानाने रोमन म्हणून नोंदवली होती. रोबर्टा टोंबर या विदुषीने ती पुन्हा तपासली आणि २००७ साली दाखवून दिले की त्यांतली बरीचशी इराणी आखाताकडून आलेल्या रांजणांची आहेत. त्या रांजणांना आतून डांबराचा लेप असतो आणि त्यांना कान नसतात. “म्हणून,” वाटाडे म्हणाले, “कान मिळाला तर रोम. नुसतं पोट मिळालं तर बोलायचं नाही.” एवढे वर्षानुवर्षे रेखाटलेले खापर एका लेखाने परके झाले, त्याचे त्यांना दुःख दिसले नाही. आम्हाला मात्र झाले असते.

हा माल येथवर आला कसा? बडोद्याच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर भरुकच्छ, म्हणजे भरूच. ग्रीक लोक त्याला बारिगाझा म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्यासारख्यांसाठी ‘पेरिप्लस’ नावाची एक जलप्रवासाची वही लिहून ठेवली. स्वतःचे नाव लिहिले नाही. भाव, वारे आणि खडक मात्र लिहिले. भरूचच्या आखातात शिरणे किती अवघड, ते त्याने जीव तोडून सांगितले आहे. भरती अशी धावून येते की रात्री तिचा आवाज दूरवरच्या सैन्याच्या कोलाहलासारखा ऐकू येतो. ओहोटी लागली की जेथे जहाज तरंगत होते तेथे जमीन उघडी पडते. म्हणून राजाने नेमलेले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, जहाजांना दोर लावून ओढीत, भरतीबरोबर हलवीत आणि ओहोटीला ठरल्या जागी नांगर टाकावयास लावीत. वाटाडे म्हणाले, “हे आमचे मूळ पुरुष. नवख्याला वाट दाखवायची, दुसरं काय.”

त्या वहीतली यादी वाचावी तेवढी थोडी. भरूचला उतरणारा माल: मद्य, त्यातही इटलीचे पसंत, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, रंगीत कमरपट्टे, आणि सोन्यारुप्याची रोमन नाणी, जी येथल्या नाण्यांत बदलली तर नफा होई. राजासाठी वेगळी भेट: चांदीची भांडी, गाणारी मुले, सुंदर दासी, उंची वस्त्रे. येथून जाणारा माल: हस्तिदंत, गोमेद, जटामांसी, पिंपळी आणि सुती कापड, साध्यापासून तलमापर्यंत. या व्यापारापायी हिंदुस्थान दर वर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार प्लिनीने करून ठेवली आहे. भाच्याने पाहिलेल्या त्या शनिमंदिराच्या खजिन्याची चिंता होती ती!

एका वाक्याशी आम्ही वाटाड्यांना थांबवले. भरूचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेथला माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरूचला येई. तेरला रोमन वळणाच्या वस्तू मिळाल्या. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात तर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली. आम्ही बडोद्याचे मराठी लोक आपला इतिहास दमाजीराव गायकवाडांपासून मोजतो. १७३४ साली बडोदे त्यांच्या हाती कायमचे आले, त्याआधीचे सारे आम्हाला परक्यांचे वाटते. पण पैठणचा गाडीवान सतराशे वर्षे आधी बैल हाकत या मुलखात येतच होता. तो येथे कोणती भाषा बोलला असेल? परत गेला असेल, की एखाद्याने येथेच घर केले असेल? पस्तीस वर्षे आम्ही गोरव्यात राहतो. अकोट्याच्या या रस्त्याने हजार वेळा गेलो असू. हा गाडीवान आम्हाला कधी दिसला नव्हता.

ऊन चढू लागले. वाटाड्यांनी जाता जाता आणखी एक सांगितले, ते येथे लिहिलेच पाहिजे. १९५१ साली याच अकोट्यात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, अडुसष्ट मूर्ती. उमाकांत शाह यांनी त्यांच्यावर १९५९ साली ग्रंथ लिहिला. मूर्ती कमाटी बागेतल्या संग्रहालयात गेल्या. बडोद्याच्या प्रत्येक मुलाला त्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा आठवतो, इजिप्तची ममी आठवते. या मूर्ती आठवत नाहीत, आणि त्यात आमच्या सहली नेणाऱ्यांचा दोष मोठा आहे. त्यांतली जीवंतस्वामींची मूर्ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने दिलेली आहे. नाव कोरलेले आहे. इरॉसची मूठ कुणाची, ते कुणी सांगू शकत नाही.

“दाखवायला काही नाही म्हणालात,” भाचा म्हणाला.

“नाहीच आहे. रोममध्ये दगड उभे आहेत. इथे सांगावं लागतं.”

चहा पिऊन आम्ही पुलावरून दांडिया बाजाराकडे वळलो, कारण दहाला ताईकडे भांडीवाला यावयाचा होता. चिखल धुऊन भांडी अंगणात मांडली होती: हंडे, कळश्या, परात, आणि आमच्या आईने ताईला लग्नात दिलेले तांब्याचे घंगाळ. गोरव्याच्या दोन खोल्यांत घंगाळ ठेवायचे कुठे, हा प्रश्न आम्हीच चार दिवसांपूर्वी विचारला होता. आता विचारले म्हणून आम्हाला लाज वाटली. पण जागा तेवढीच होती. भाचा काही बोलावयास गेला, तर ताई म्हणाली, “ठरलंय ना? मग वजन करू दे त्याला.”

भांडीवाल्याने घंगाळ उलटे केले, हातोडी घेतली आणि दोन्ही कड्या ठोकून काढल्या. घंगाळ तांब्याचे, कड्या पितळेच्या, भाव वेगळा. एक कडी त्याने पितळेच्या ढिगात टाकली. दुसरी निसटून गडगडत तुळशीवृंदावनापाशी गेली. घंगाळ तराजूत चढले, हिशेब झाला, हातगाडी गेली.

भाच्याने ती कडी उचलली आणि आमच्याकडे पाहिले. ताईने ती त्याच्या हातातून घेतली, पदराने पुसली.

“मामाकडच्या सामानात टाक,” ती म्हणाली. “होईल कशाला तरी.”