खाप्याचे घर : आधी हिस्से, मग कवेलू

सावनेर तालुक्यातले खापा हे कन्हान नदीकाठचे जुने विणकरांचे गाव. आमचे वडिलोपार्जित घर इथलेच. कवेलू फुटलेले, मातीच्या भिंतींना ओल आलेली. सागवानी खांब मात्र अजून ठणठणीत. हे घर आम्ही नवरा-बायकोने विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा लोकांनी विचारले, "आपलेच घर विकत कशाला घ्यायचे?"

कारण ते एकट्या अब्बांचे नव्हते. दादीजान आधीच वारल्या होत्या. दादाजानच्या माघारी दोन मुलगे आणि दोन मुली. सूरह निसाच्या 11व्या आयतीप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे एकूण सहा हिस्से : अब्बा आणि चाचांचे दोन-दोन, दोघी फुफूंचा एक-एक. अब्बांचे हिस्से त्यांच्याच नावे राहिले. उरलेले चार आम्ही बाजारभावाने घेतले.

थोरल्या फुफू म्हणाल्या, "माहेरकडून पैसे कसे घेऊ? लिहून देते." आम्ही म्हणालो, "फुफू, हा उपकार नाही, तुमचा हक्क आहे." आखिव पत्रिकेवर आधी चौघांची नावे चढवली, मगच खरेदीखताची नोंदणी केली.

आता दुरुस्ती. पावसाळ्यापूर्वी छत. मातीच्या भिंतींना सिमेंट नाही, चुन्याचाच गिलावा. सिमेंटमुळे ओल आतच कोंडते. मागाचा खड्डा बुजवणार नाही. वरची खोली पुढच्या वर्षी, कारण पैसे आधी फुफूंना पोहोचले.