पंगत आणि टेबल

माटुंग्याच्या उडपी उपाहारगृहात सकाळी सातच्या सुमारास रिकाम्या टेबलाची अपेक्षा कोणी धरीत नाही. मिळते ती खुर्ची. चौघांच्या टेबलावर तिघे बसलेले असतात, चवथा येऊन बसतो. परवानगी मागण्याची रीत नाही आणि ओळख करून घेण्याचीही नाही. ओल्या फडक्याने संगमरवर पुसला जातो, पाण्याचे पेले खाली टेकतात, आणि काय हवे हे विचारण्याऐवजी काय काय आहे हेच पोऱ्या एका दमात म्हणून दाखवतो. इडली, वडा, उपमा, शिरा, साधा डोसा, मसाला डोसा ही नामावळी नित्याच्या गिऱ्हाइकाला पाठ असते. तरी ती पुरी होईपर्यंत तो थांबतो.

या बसण्यात विशेष काही आहे असे आज कोणास वाटणार नाही. तथापि भारतीय समाजात अन्न ही पोटाची बाब असण्याआधी पंक्तीची बाब होती. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणी कोणाशेजारी जेवावयास बसावे, यांवर जातीची सारी उतरंड उभी होती. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात, मूलभूत हक्कांच्या गंभीर भाषेत, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला तो काही उगाच नव्हे.

मराठवाड्यातील एका खेड्याच्या गावकुसाबाहेर जन्मलेला आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला एक तरुण १९६३ साली मुंबईस आला व एका रात्रशाळेत मराठी शिकवू लागला. त्याच्या गावातील चहाच्या दुकानात बाहेरच्या कोनाड्यात कानतुटकी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई; पिऊन झाल्यावर ती कपबशी आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायची. माटुंग्यातील पहिल्या सकाळी त्याच्यापुढे पाण्याचा पेला आला, तेव्हा त्याने आधी शेजारच्या तिघांचे पेले पाहिले. चारही सारखे होते. इडली खाऊन झाल्यावर तो सवयीने आपला पेला उचलून मोरीकडे निघाला. पोऱ्या म्हणाला, “ठेवा, मास्तर.” मास्तर हा शब्द त्याने हातातील पुस्तके पाहून वापरला असावा.

या प्रसंगाचे कौतुक मास्तरांनी पुढे अनेकदा केले, पण भाबडेपणाने केले नाही. ज्या उडपीचे नाव या व्यवसायाला मिळाले ते तेराव्या शतकातील मध्वाचार्यांचे क्षेत्र. कांदा-लसूण वर्ज्य असलेली पाकशिस्त तिथल्या मठांच्या मुदपाकखान्यातली, आणि पंक्तिभेदही तिथलाच. देवळात प्रवेश नाकारलेल्या कनकदासाला दर्शन देण्यासाठी कृष्णाची मूर्ती फिरली अशी आख्यायिका आहे. तिथली ‘कनकन किंडी’ ही खिडकी भाविक आजही पाहतात. मूर्ती फिरली, दार मात्र उघडले नाही. मद्रासमध्ये उपाहारगृहाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढून टाकावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांना १९५७ साली आंदोलन करावे लागले. तेव्हा मुंबईतील तो सारखा पेला धर्मचिंतनातून आलेला नव्हता. गल्ल्यावर पडणाऱ्या नाण्याची जात विचारणे धंद्याला परवडत नाही, म्हणून तो आला होता. मास्तरांना हे कळत होते. परंतु समता कोणत्या कारणाने आली याची चौकशी करीत तहानलेले राहणे त्यांना मान्य नव्हते.

रात्रशाळेत त्यांच्यापुढे बसणारी बरीचशी मुले याच उपाहारगृहांतील होती. घरी तुळू, गावच्या शाळेत कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी, गुजराती, तमिळ आणि हिंदी असा त्यांचा भाषाव्यवहार. दक्षिण कानडा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला, पण मुंबईच्या बोलण्यात ही मुले ‘मद्रासी’च राहिली. ज्या तुळूत ती आपसांत भांडत आणि हसत, ती भाषा आजही आठव्या अनुसूचीत नाही.

१९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ पेटली. उडपी उपाहारगृहांवर दगड पडले. मास्तरांच्या नित्याच्या ठिकाणी एका सकाळी दर्शनी काचा नव्हत्या. फळ्या अर्ध्या लावून आत इडल्या चालूच होत्या. त्या आठवड्यात वर्गातील एका मुलाने विचारले, “सर, मी मराठीत पास झालो, तर मग बाहेरचा नाही ना?”

बाहेरचा या शब्दाचा अर्थ मास्तरांना कोशात पाहावा लागणार नव्हता. गावकुसाबाहेर, देवळाबाहेर, दुकानाबाहेरचा कोनाडा; त्यांच्या बालपणाचे सारे भूगोलज्ञान या एका शब्दात सामावले होते. आता तोच शब्द त्यांच्या भाषेचा आधार घेऊन दुसऱ्यावर टाकला जात होता. त्यांनी मुलाला उत्तर दिले नाही. परीक्षेत पास होण्याने तो प्रश्न सुटेल असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे झाले असते.

पुढे ओवीचा पाठ शिकविण्यासाठी टिपणे काढताना बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील ‘मानसोल्लास’ त्यांच्या हाती आला. कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९च्या सुमारास सिद्ध केलेला हा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही मराठी वाङ्मयेतिहासात प्रसिद्ध असलेली नोंद या ग्रंथातली. आणि याच ग्रंथाच्या अन्नविषयक भागात ‘इड्डरिका’ व ‘धोसिका’ हे पदार्थ येतात. ‘इड्डलिगे’ हा शब्द त्याच्याही आधी, दहाव्या शतकातील ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात आढळतो. आजच्या इडलीत तांदूळ असतो. सोमेश्वराच्या इड्डरिकेत नुसते उडीद आहेत, हा भेद के. टी. अचया यांनी १९९४च्या आपल्या भारतीय अन्नेतिहासात स्पष्ट केला आहे. परंतु मास्तरांना त्या क्षणी भिडले ते निराळेच. मराठी ओवी आणि कानडी इडली एकाच राजाच्या एकाच ग्रंथात, कोणी कोणाला बाहेरचे न म्हणता, साडेआठशे वर्षांपूर्वीच शेजारी बसल्या होत्या. अर्थात तिथेही खाणारा राजा होता आणि कांडणाऱ्या बायका वाड्याबाहेर. हेही त्यांनी टिपणात लिहून ठेवले.

ओवीच्या तासाला त्यांनी फळ्यावर ‘इड्डरिका’ हा शब्द लिहिला. वर्ग हसला. मग एकेक जण सांगू लागला : उडीद निराळे भिजवायचे, तांदूळ निराळे, उडदाचे पीठ रगड्यावर इतके फुलले पाहिजे की थेंब पाण्यात टाकला तर तरंगावा, थंडीत पीठ आंबायला वेळ लागतो, म्हणून पातेले चुलीजवळ ठेवायचे. कोकणातल्या एका मुलाने आपल्या आईच्या आंबोळीचे सांगितले, तेव्हा दोघा तुळू मुलांनी त्याला मध्येच दुरुस्त केले. रगडताना तुम्हीही गाता का, असे मास्तरांनी विचारले. मागच्या बाकावरचा, पास होण्याविषयी विचारणारा तो मुलगा म्हणाला, “नाही सर. पहाटे चारला झोप येते. म्हणून आम्ही बोलत राहतो, म्हणजे हात थांबत नाही.”

कोणत्या भाषेत बोलता, हे मास्तरांनी विचारले. त्याने तुळूतील चार वाक्ये म्हणून दाखविली. मास्तरांनी ती देवनागरीत फळ्यावर उतरून घेतली, आणि मुलांनी त्यांची चूक दोनदा सुधारली. त्या संध्याकाळी व्याकरणाचा तास झाला नाही.