लाजली म्हणजे पसंत

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक, आणि वर चित्रकलेची पदविका. इतकी वर्षे मुलांचे हात पाहून माझे एक मत झाले आहे, की माणूस तोंडाने जेवढे खोटे बोलतो तेवढे हाताने बोलू शकत नाही. थोरल्या भावाकडून चित्र काढून आणलेला मुलगा ‘सर, मीच काढलंय’ असे ठणकावून सांगतो. पण सांगताना त्याचे दोन्ही हात पाठीमागे असतात. शिवाय मी अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या नायकांना नायिकेची पापणी लवली की तिच्या मनातले सगळे कळते. या दोन उद्योगांमुळे नातेवाइकांत माझी उगाच अशी ख्याती झाली आहे, की याला माणसाच्या अंगावरून मन वाचता येते.

त्या ख्यातीपायीच नवरात्रात माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. ती एका मुलाला पहिल्यांदाच भेटायला जाणार होती. पूर्वी या कामाला पोहे, जाजम आणि दोन्हीकडची मिळून पंधरा माणसे लागत; आता दोन कप कॉफीत भागते.

“मामा, त्याला मी आवडले की नाही, हे कसं ओळखायचं? मी वाचलंय, त्याचे पाय आपल्याकडे वळलेले असले तर आवडलो. हाताची घडी घातली तर नाही. आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या तर मग नक्कीच!”

“अगं, दिवे मंद असले तरी बाहुल्या मोठ्या होतात,” मी म्हणालो, “आणि थंडी वाजली तरी माणूस हाताची घडी घालतो.”

ती हिरमुसली. “सविस्तर लिहून कळवतो,” असे सांगून मी सुटका करून घेतली. तेच हे लिहिणे.

हे शास्त्र काही आजचे नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नुसत्या दृष्टीचेच ३६ प्रकार सांगितले आहेत. शिवाय घाम, रोमांच, कंप, आवाज चिरकणे, रंग उतरणे, अश्रू असे आठ सात्त्विक भाव सांगितले, जे मन भरून आल्याशिवाय अंगावर येत नाहीत. पण भरतमुनी मोठे व्यवहारी. डोळ्यांत पाणी आनंदाने येते, शोकाने येते, भयाने येते, आणि धुराने व जांभईनेही येते, हे त्यांनी त्याच ठिकाणी नोंदवून ठेवले आहे. डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिले, त्यात लाजून लाल होण्याला एक सबंध प्रकरण दिले. ही लाली ठरवून आणता येत नाही. आणि कोणी आपल्याकडे पाहत आहे एवढ्या जाणिवेनेही ती चढते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे खूण खरी असते. तिचे कारण मात्र खुणेवर लिहिलेले नसते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या ताईमुळे कळले.

१९९८ साली ताईला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. सोप्यात जाजम अंथरलेले, पोह्यांवर ओले खोबरे, आणि पाटावर ताई. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, सगळे विचारून झाले. ताई मान खाली घालून उत्तरे देत होती आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघा ओढत होती. “मुलगा पसंत आहे का गं?” हा प्रश्न कोणीतरी विचारलाही, पण तो ताईला नव्हे, काकूला. ताईचे गाल लाल झाले. काका मोठ्याने म्हणाले, “लाजली! लाजली म्हणजे पसंत!” सगळे हसले. पोह्यांची बशी हातात घेऊन मीही हसलो.

त्याच रात्री मी आठवणीने ताईचे पेन्सिलचित्र काढले. झुकलेली मान, अंगठा, आणि पदराच्या आड घट्ट आवळलेली डावी मूठ. चित्राखाली झोकात लिहिले : ‘लज्जा’. पुढे पदविकेच्या वर्गातल्या सरांनी त्या मुठीची फार तारीफ केली.

सहा वर्षांनी ताई लेकीला घेऊन माहेरी परतली, ती कायमची. सासरची माणसे दुष्ट होती असे ती कधीच म्हणाली नाही. एकदा अंगणात शेंगा फोडत बसलो असता ती सहज म्हणाली, “मला डी.एड. करायचं होतं रे. त्या दिवशी वर बघितलं असतं, तर सगळ्यांदेखत रडू फुटलं असतं. म्हणून अंगठ्याकडे बघत बसले.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी?”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ती मूठ मी पाहिली होती, कागदावर हुबेहूब उतरवलीही होती. ती कशाची आहे, एवढे विचारायचे मला सुचले नव्हते.

२००७ च्या मे महिन्यात मी स्वतः कोल्हापूरला मुलगी पाहायला निघालो, तेव्हा ताईने दारात एवढेच सांगितले, “अंदाज बांधून येऊ नकोस. विचारून ये.”

मुलगी बी.कॉम., मी मॅट्रिक. पोहे झाल्यावर तिच्या मामांनी मोठ्या मनाने आम्हांला रंकाळ्यावर फिरून यायला सांगितले. सोबतीला तिचा धाकटा भाऊ दिला. त्याला भेळेचे पैसे देऊन मी वीस पावले लांब बसवला. पाणी उतरल्याने संध्यामठ बराचसा उघडा पडला होता. पलीकडे शालिनी पॅलेसच्या मागे ऊन कलत होते. आम्ही कट्ट्यावर बसलो, आणि मी सवयीप्रमाणे वाचायला सुरुवात केली. तिने हाताची घट्ट घडी घातली होती. दोघांच्या मध्ये पर्स ठेवली होती. पावले रस्त्याकडे वळलेली. दहा मिनिटांत तिने चार वेळा घड्याळ पाहिले, आणि जे काही बोलली ते माझ्याशी नव्हे, तळ्याशी. भरतमुनींना विचारायची गरजच नव्हती. नकार स्वच्छ दिसत होता. माझे कान तापले. उठावे, असे मनात आले.

पण ताईचे शब्द आठवले. मी म्हणालो, “एक विचारू? तुम्हांला हे लग्न नको असेल, तर तसं सांगा. नकार मी माझ्याकडून कळवीन. तुमच्यावर काही येणार नाही.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

“असं का वाटलं तुम्हांला?”

मी हात, पर्स, पाय, घड्याळ, सगळे ओळीने सांगितले. ती आधी गोरीमोरी झाली आणि मग खळखळून हसली. रिक्षातून उतरताना तिच्या बाहीची शिवण उसवली होती. घडी सोडली तर ती दिसली असती. पर्सखाली पक्ष्यांची घाण होती. पाय भावाकडे होते, कारण तो पाण्याच्या फार जवळ जातो. आणि दिवेलागणीच्या आत परत या, अशी आजीची ताकीद होती.

“आणि तुम्ही?” ती म्हणाली. “मघापासून सारखे माझ्या हातांकडे बघताय. मला वाटलं, हात काळे दिसतात म्हणून.”

मी चित्रकलेचा मास्तर आहे, मला हातच आधी दिसतात, हे सांगताना माझा आवाज चिरकला. तो मात्र खरा सात्त्विक भाव होता!

मग तिने विचारले, “दहावीवरच का थांबलात?”

“पुढं शिकायचं राहून गेलं.”

“राहून गेलं, की नको होतं?”

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. “गणिताची भीती वाटत होती,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. ती मान होकाराची की नुसती ऐकल्याची, हे मला कळेना. तिलाच ते कळले असावे, कारण ती लगेच म्हणाली, “याला होकार समजू नका हं. मला पंधरा दिवस हवेत.” एवढे बोलून तिने गाड्यावरून भेळ आणवली, आणि शेवटची कुरकुरीत पुरी पुड्यासकट माझ्यापुढे सरकवली. माझ्या कादंबरीतल्या नायकाने त्या पुरीवरून साखरपुडाच उरकला असता. मी नुसती पुरी खाल्ली.

तिचा फोन सतराव्या दिवशी आला. वरचे दोन दिवस माझे कसे गेले, ते विचारू नका. तिने ‘हो’ म्हटले, आणि तो ‘हो’ मी माझ्या कानांनी ऐकला.

यंदा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत ते जुने पेन्सिलचित्र सापडले. सुट्टीला आलेली भाची ते हातात घेऊन ओरडली, “अय्या, आई! काय गोड लाजली आहेस गं!”

ताई करंज्या लाटत होती. लाटणे न थांबवता ती म्हणाली, “मामाला विचार, ती मूठ कशाची आहे.”

मी सांगितले. पोरगी बराच वेळ गप्प बसली. मग तिने खोडरबर मागून घेतले, चित्राखालचा ‘लज्जा’ हा शब्द जपून पुसला, आणि आईसमोर जाऊन बसली.

“मग काय लिहू, आई?”

ताईचे लाटणे थांबले. सत्तावीस वर्षांनी तिला कोणी विचारत होते. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, “थांब. विचार करून सांगते.”

भाऊबीजेपर्यंत ती जागा कोरीच आहे. आम्ही कोणीही अंदाज बांधलेला नाही.