दुसरी मोटर: मिशिगन सरोवराकाठची पत्रे

मिल्वॉकी, विस्कॉन्सिन

ती. दादांस, सा. न.

ताईच्या धाकट्या मुलाची बोट एकोणीस फुटी, ॲल्युमिनियमची. मागे दीडशे अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर. बोट जुनी असली तरी मोटर त्या मानाने नवी आहे आणि बिनतक्रार चालते. तरीही त्याच्या डोक्यात सध्या एकच विषय घोळतो आहे: त्या मोठ्या मोटरीशेजारी ट्रोलिंगसाठी दुसरी, लहान मोटर लावायची की नाही? इथले लोक तिला ‘किकर’ म्हणतात. नवी घ्यायची तर साधारण चार हजार डॉलर लागतात, म्हणजे निर्णय सहज घेण्यासारखा नाही.

ट्रोलिंगमध्ये जाळे नसते. बोट माणसाच्या चालीने पुढे सरकत राहते आणि तिच्या मागे, वेगवेगळ्या खोलीवर, चकाकत्या पत्र्याची आमिषे ओढली जातात. सॅमनला हा वेग तासाला दोन ते पावणेतीन मैल लागतो. त्याहून कमी झाला तर आमिष मेल्यासारखे लोंबते आणि जास्त झाला तर गरगर फिरून दोर पिळवटते. दीडशे अश्वशक्तीची मोटर नुसती गिअरमध्ये टाकली, थ्रॉटलला हातही लावला नाही, तरी एवढी हलकी बोट अडीच-तीन मैलांनी चालू लागते. मागून वारा असेल तर त्याहून वेगाने. सारा पेच तिथे आहे.

या वादासाठी याहून योग्य गाव शोधूनही सापडले नसते. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. त्याने १९०९ साली याच मिल्वॉकीत बोटीच्या मागे अडकवायची मोटर विकायला काढली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. त्याची बायको बेस हिने जाहिराती आणि कचेरी सांभाळली नसती तर हा धंदा उभा राहिला असता की नाही, शंका आहे. वल्ही मारणाऱ्या माणसाची पाठ वाचावी एवढाच त्या यंत्राचा हेतू होता. आज ज्याला ‘लहान मोटर’ म्हणतात ती त्या पहिल्या मोटरीच्या सहापट ताकदीची असते. एव्हिनरूड नावाच्या मोटरींचे उत्पादन मात्र २०२० साली कायमचे थांबले. शेवटचा कारखानाही इथून जवळच, स्टर्टेव्हंटला होता.

*

फॉन्ड डु लॅक

ती. दादांस, सा. न.

मर्क्युरी मोटरींचे हे गाव. कार्ल कीखेफर याने १९३९ साली सीडरबर्गमध्ये एक बंद पडलेला कारखाना घेतला. त्याला दूधधंद्यासाठी लागणारी चुंबकी यंत्रे बनवायची होती, पण कारखान्यात गिऱ्हाइकाने नाकारलेल्या आउटबोर्ड मोटरींचा ढीग पडला होता. पैशांची निकड होती म्हणून त्याने त्या दुरुस्त करून विकल्या आणि त्यातून मर्क्युरीचा पुढचा सगळा व्याप वाढला. आज याच कंपनीची सहाशे अश्वशक्तीची बारा सिलिंडरची मोटर बाजारात आहे. आणि तीच कंपनी ९.९ अश्वशक्तीची, खास ट्रोलिंगसाठी घडवलेली मोटरही विकते.

९.९ हा आकडा उगाच आलेला नाही. अमेरिकेत पुष्कळ तलावांवर दहा अश्वशक्तीच्या वर मोटर चालवायला बंदी असते, म्हणून कंपन्यांनी दहाच्या आत राहणारी मोटर काढली. पुढे तोच आकडा किकरसाठी रूढ झाला. पण सगळ्या ९.९ सारख्या नसतात. ‘हाय थ्रस्ट’ म्हणून जी मिळते तिचा गिअर जास्त उतरता असतो आणि पंखा मोठा. इंजिन वेगाने फिरते, पंखा सावकाश फिरतो, आणि त्यामुळे जड बोट वाऱ्यात भरकटू न देता पुढे रेटता येते. हलक्या होडीला पळवायची साधी ९.९ इथे लावली तर ती नुसती पाणी घुसळत राहते. जुन्या बाजारात स्वस्त दिसते ती बहुतेक ही साधी मोटर असते, म्हणून भाव विचारण्याआधी गिअर विचारावा.

गावाच्या उशाशी विनेबेगो सरोवर आहे. विस्तार मोठा, पण खोली जेमतेम: सगळ्यात खोल जागी एकवीस फूट. इथे वॉलाय नावाचा मासा धरतात, त्याला वेग आणखी कमी लागतो आणि वसंतात तर तासाला एक मैलही पुरतो. अशा पाण्यावर बरेच जण किकरच्या भानगडीत पडत नाहीत. बोटीच्या नाळेवर विजेची मोटर बसवतात. ती उपग्रहाच्या आधाराने ठरलेल्या रेषेवर चालते, हवे तिथे नांगराशिवाय थांबते आणि आवाज करत नाही. सरोवर आटोपशीर असेल आणि दिवस लहान असेल तर तिला तोड नाही. ताईच्या धाकट्याचा ओढा आधी तिच्याकडेच होता. मिशिगन सरोवरावर मात्र लाटा चार फुटांच्या झाल्या की नाळ वर उचलली जाते, तिच्याबरोबर पंखाही पाण्याबाहेर येतो, आणि सबंध दिवस बोट ओढायची तर बॅटऱ्यांचे ओझेही वाढते. तेव्हा तो पर्याय बाद झाला.

*

‘बॅजर’ बोटीवरून

ती. दादांस, सा. न.

मॅनिटोवॉकहून गाडी आणि ट्रेलरवरची बोट दोन्ही ‘एसएस बॅजर’वर चढल्या आहेत. ही १९५३ पासून चालणारी, अजून कोळशावर धावणारी प्रवासी बोट. साठ मैल पाणी, चार तास, पलीकडे मिशिगनमधले लडिंग्टन. चार तास हिशेब मांडायला पुष्कळ झाले.

दुसरी मोटर घेणाऱ्यांचे पहिले समर्थन पेट्रोलचे असते. ते तपासले तेव्हा टिकले नाही. दीडशेची आधुनिक मोटर संथ चालताना तासाला साधारण अर्धा गॅलन पेट्रोल खाते. ९.९ त्याच्या निम्मे. सहा तासांच्या ट्रोलिंगमध्ये फरक पडतो दीड-दोन गॅलनांचा, म्हणजे सात-आठ डॉलरचा. चार हजार वसूल व्हायला पाचशेच्या वर फेऱ्या हव्यात, आणि इथला मोसम मे ते सप्टेंबर. पेट्रोल वाचवायला कोणी किकर घेत असेल तर त्याने घेऊ नये.

दुसरे समर्थन जुन्या काळातले आहे. टू-स्ट्रोक मोटरी तासन् तास संथ चालवल्या की धूर ओकायच्या आणि प्लग काजळायचे. त्या काळी लहान मोटर ही गरज होती. इंधन इंजेक्शन असलेल्या फोर-स्ट्रोक मोटरीला दिवसभर संथ चालण्याचे काही वाटत नाही. शिवाय आता काही मोठ्या मोटरींना बटणाने फेरे थोडे थोडे कमी-जास्त करायची सोय असते. यामाहाच्या मोटरीत ते मिनिटाला पन्नासाच्या टप्प्याने बदलतात. जुन्या खलाशांचा सल्ला ऐकताना तो कुठल्या इंजिनाच्या काळातला आहे हे पाहिले पाहिजे.

तिसरा मुद्दा मोठ्या मोटरीच्या तासांचा, आणि त्यात तथ्य आहे. तेल आणि गिअर-तेल शंभर तासांनी बदलावे लागते. मोटरीवर किती तास चढलेत हे तिच्या संगणकात नोंदलेले असते आणि बोट विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारते. दिवसातले सहा तास लहान मोटरीवर गेले की मोठीच्या खात्यात फक्त जाण्या-येण्याचा तास पडतो.

*

लडिंग्टन, मिशिगन

ती. दादांस, सा. न.

या गावाच्या धक्क्यावर उभे राहिले की वाद कुठे सुटतो ते कळते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्यातला आजवरचा सर्वांत मोठा चिनूक सॅमन इथल्याच पाण्यात सापडला. ४७.८६ पौंड, म्हणजे पावणेबावीस किलोंच्या आसपास. आधीचा विक्रम १९७८ पासून टिकून होता. त्यामुळे पहाटे चारला धक्क्यावर ट्रेलरांची रांग लागते, आणि त्या रांगेतल्या बहुतेक बोटींच्या मागे दोन मोटरी दिसतात.

पण सगळ्यांच्या नाही. नुसत्या मोठ्या मोटरीवर ट्रोलिंग करणारे दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या सोडतात. त्या पाण्यात नरसाळ्यासारख्या फुगतात आणि बोटीला मागे खेचतात. जोडी शंभर-दीडशे डॉलरला मिळते आणि अडीच मैलांचा वेग पावणेदोनवर आणता येतो. बाजूने वारा असताना तर त्या बोट सरळ ठेवायलाही मदत करतात. त्यांचा त्रास दोन ठिकाणी होतो: बोटीजवळ आलेला मासा त्यांच्या दोरात गुरफटतो, आणि घाईत पिशवी आत घ्यायची राहिली तर तिचा दोर थेट पंख्यात जातो. पंख्यामागे लोखंडी फळी बसवण्याचीही रीत आहे, पण ती वर न घेता थ्रॉटल ओढला तर वाकते किंवा तुटते.

ताईच्या धाकट्याने पहिल्या दिवशी पिशव्यांवर काम केले. वारा पडलेला होता तोवर उत्तम जमले. डाउनरिगरचा, म्हणजे आमिष खोल नेणाऱ्या साधनाचा, दहा पौंडी गोळा सत्तर फुटांवर, पाणी बावन्न अंश फॅरेनहाइट, चिनूकला आवडते तसे. दुपारी वारा सुटला तेव्हा पेच वाढला. वरचे पाणी एका दिशेने आणि खालचे दुसऱ्या दिशेने वाहत असते. पडद्यावर उपग्रहाचा वेग अडीच मैल दाखवतो आणि सत्तर फुटांवर आमिष प्रत्यक्षात पावणेदोनने चालत असते. बोट वळवली की उलटे होते. अशा वेळी हाताशी बारीक फरकाने बदलता येणारा वेग लागतो, दर वळणाला पाव मैल इकडे किंवा तिकडे. मोठ्या मोटरीला तळाशी जागाच नव्हती: ती आधीच सगळ्यात संथ चालत होती. पिशव्या वळणागणिक आत-बाहेर करणे एकट्यादुकट्या माणसाला होत नाही.

शेजारची किकरवाली बोट त्याच पाण्यात शांतपणे फिरत होती. तिच्या दोन्ही मोटरी एका दांड्याने जोडलेल्या, म्हणजे चाक फिरवले की दोघी एकदम वळतात. मोठी मोटर बंद, पण तिचा पाय पाण्यात सोडलेला, तो सुकाणूचे काम करतो.

मग वजनाचा प्रश्न आला, आणि तो पैशापेक्षा अवघड निघाला. दीडशेची मोटर दोनशे किलोंच्या वर. त्याच बाजूला बॅटऱ्या, पेट्रोलची टाकी आणि मासा लागला की धावत येणारी माणसे. त्यात हाय थ्रस्ट किकर आणि तिची चौकट मिळून साठ किलोंच्या आसपास, तेही एका कडेला आणि बोटीच्या बाहेर. बोटीवरच्या पाटीवर माणसे, मोटर आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेले असते, पण ते कुठे बसवले म्हणजे काय होईल ते लिहिलेले नसते.

यावर धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितलेला उपाय फार पटला. पाणी मऊ करायच्या मिठाची चाळीस पौंडी पोती इथे कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतात. तशी तीन पोती किकर बसणार त्या कोपऱ्यात बांधली, टाकी भरली, तिघे जण मागे उभे राहिले, आणि डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची भोके कुठे येतात ते पाहिले. भोके पाण्याखाली गेली. बॅटऱ्या पुढे नाळेकडे आणि बर्फाची पेटी दुसऱ्या बाजूला सरकवल्यावर ती पुन्हा तीन बोटे वर आली. वीस डॉलरच्या मिठाने चार हजारांची चूक टळू शकते. मोटर विकत घेण्याआधी प्रत्येकाने ही चाचणी करावी.

*

प्लॅट बे

ती. दादांस, सा. न.

लडिंग्टनच्या उत्तरेला असलेली ही खाडी पाहिल्याशिवाय परतायचे नव्हते. १९६६ च्या वसंतात इथल्याच प्लॅट नदीत मिशिगन राज्याने पॅसिफिककडून आणलेल्या कोहो सॅमनची पिल्ले सोडली. सरोवरात एलवाइफ नावाचा परका मासा बेसुमार माजला होता आणि त्याला खाणारे कोणी उरले नव्हते. हॉवर्ड टॅनर आणि वेन टोडी या मत्स्यखात्यातल्या दोघांनी सॅमनचा प्रयोग लावून धरला. दुसऱ्याच वर्षी कोहो मोठे होऊन परतले आणि आसपासच्या राज्यांतून माणसे मिळेल ती होडी घेऊन धावली. २३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळ उठले. लहान होड्या किनाऱ्याच्या लाटांत उलटल्या आणि सात जण बुडाले.

त्या दिवशी दुसरी मोटर असती तर ते वाचले असते, असे म्हणता येत नाही. वादळात ९.९ कोणाला तारत नाही, आणि हे ताईच्या धाकट्याला स्पष्ट सांगायला हवे होते. शांत पाण्यावर ती त्याची बोट तासाला पाच-सहा मैलांनी नेईल, तोंडावरच्या वाऱ्यात त्याच्या निम्म्यानेही नाही. तिचा उपयोग साध्या बिघाडात आहे: दहा मैल आत मोठी मोटर बंद पडली, हवा ठीक आहे आणि घरी यायचे आहे. त्यातही अट अशी की दोघींची टाकी वेगळी हवी. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते, ते पाणी ओढून घेते. एकाच टाकीत पाणी झाले तर दोन्ही मोटरी एकदम थांबतात. आणि बॅटरी गेली तरी दोरी ओढून सुरू होणारी मोटर हवी.

किकरच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा नेहमीच्या वापराचा आहे. नुसती अडीअडचणीसाठी ठेवलेली मोटर वर्षभर पडून राहते, कार्बोरेटर चिकटतो आणि गरजेच्या दिवशी ती सुरू होत नाही. ट्रोलिंगला रोज सहा तास चालणारी मोटर चालू आहे याची खात्री रोज होते. आपल्या कोकणात हर्णैला मच्छीमार बोट चालवणाऱ्या तांडेलाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा ठरले ते असे. किनाऱ्यालगत आणि महिन्यातून एखाद्या वेळी जाणाऱ्याला पिशव्यांची जोडी पुरेशी आहे, त्याने चार हजार घरीच ठेवावेत. ताईचा धाकटा दर आठवड्याला, बहुतेकदा एकटा आणि आठ-दहा मैल आत जातो, एकाच इंजिनाच्या भरवशावर. त्याने किकर घ्यावी. हाय थ्रस्ट ९.९, पंचवीस इंची लांब दांड्याची, म्हणजे लाटेत पंखा उघडा पडणार नाही. स्वतःची तीन गॅलनची टाकी, विजेवर आणि दोरीवर दोन्ही रीतींनी सुरू होणारी. बॅटऱ्या पुढे हलवण्याचे काम आधी, मोटर नंतर. दोन मोसम वापरलेली एक मोटर ट्रॅव्हर्स सिटीत बावीसशे डॉलरला मिळते आहे, ती उद्या पाहायला जायचे आहे. ती बसेपर्यंत किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतच राहायचे त्याने कबूल केले आहे. ताईला तेवढे नक्की कळवावे.