खांद्यावरची सायकल
बेळगावात असताना वैजनाथच्या डोंगरावर एमटीबी दामटली होती. त्यामुळे बेल्जियममधली पहिली सायक्लोक्रॉस शर्यत सोपी जाईल असं वाटलं. पण इथे सस्पेन्शन नाही, टायर जेमतेम ३३ मिलिमीटरचे. उतारावर मी चार जणांना मागे टाकायचो. मग ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या यायच्या. सायकलवरून उतरायचं, ती उचलून पळायचं, पुन्हा टांग टाकायची. तिथेच सगळे पुढे जायचे. दोनदा चिखलात आडवा झालो. शेवटून तिसरा आलो.

फोटो बघून आई म्हणाली, “खांद्यावरच घ्यायची होती, तर सायकल कशाला घेतलीस?”

पुढच्या रविवारी पुन्हा नाव दिलंय. तोवर रोज संध्याकाळी बागेत फक्त उतरणं आणि चढणं. सहाव्या वर्षी शिकलेलं पुन्हा शिकतोय.